साडेसहा की तीनशे आठ

९ जानेवारी

दादा, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकलं नसेल, तर पुढचं वाचा. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझा जन्म गेला, म्हणून माझंही अक्षर तसंच झालं, असं तुमची बहीण म्हणायची. आज जमेल तितकं सुटं काढतो आहे.

तिला जाऊन अडीच महिने झाले. त्या दिवशी तुम्ही आलात, फाटकाजवळ उभे राहिलात आणि कुणाशी न बोलता परत गेलात. मी पाहिलं होतं. मी पुढे यायला हवं होतं. आलो नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. तुमची भाची आता चोवीस वर्षांची आहे. चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात घासकाम करते. गेल्या महिन्यात तिने आईची रायफल कपाटातून काढली. परवाना तिच्या नावावर झाला. साफ करून ती बंदुकीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेली. मिस्त्री तोच आहे, फक्त कान पार गेलेत. त्याने नळीत बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाला, "आतून वाळल्या तळ्यासारखी भेगाळली आहे. दोन हजार आठशे गोळ्या गेल्यात हिच्यातून. नवी घाला."

नवी नळी घालायची म्हणजे काडतूस नव्याने निवडायचं. मिस्त्रीच्या भाषेत, "नळी एकदा कापली की लग्न लागलं, मग नखरे नाहीत." मे महिन्यात क्लबात तिच्या आठवणीसाठी हजार मीटरची स्पर्धा ठेवली आहे. पोरीला त्यात उतरायचं आहे. मिस्त्रीला मार्चअखेर उत्तर हवं.

माझं मत तीनशे आठ. जुनं, सरळ काडतूस आहे. नळी पाच हजार गोळ्या सहज टिकते. भरणाऱ्याची थोडी चूक झाली तरी पोटात घालतं. शिकणारीला तेच बरं. पोरगी साडेसहा मिलिमीटरच्या बारीक काडतुसावर अडून बसली आहे. बरीच वादावादी झाली. शेवटी म्हणाली, "मामाला विचारा."

मी म्हटलं, मामाचा पत्ता बदलला असेल.

"आईच्या शिवणाच्या डब्यात आहे," ती म्हणाली. "नवा पत्ता आहे, बाबा. तीन वर्षांपूर्वीचा."

हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा विचारतो. दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे.

तुम्ही ज्याला भाऊजी म्हणायचात, तो


३० जानेवारी

दादा,

कार्ड मिळालं. तीन प्रश्न आणि खाली सही. तुमचं बोलणंही असंच असायचं. क्रेनवर दिवसभर एकट्याने बसणाऱ्याला शब्द जपून वापरायची सवय लागते, असं ती म्हणायची.

उत्तरं लिहितो. वर्षाला सातशे-आठशे गोळ्या मारील. खांदा तिच्या आईसारखाच, अरुंद. वारा वाचायला मागे कोण बसणार, हा तुमचा तिसरा प्रश्न. सध्या कुणी नाही. मी बसतो, पण मी वारा वाचत नाही, अंदाज सांगतो. तुमच्यानंतर तिच्या मागेही मीच बसायचो. पहिल्या वर्षी ती माझं ऐकायची. नंतर मी "डावीकडून, मध्यम" म्हटलं की नुसती "हं" म्हणायची आणि स्वतःच्या मनाने मारायची. वाईट मारायची नाही. पण क्लबाच्या बाहेर कधी गेली नाही.

तुमच्या कार्डामुळे स्वयंपाकघरातलं ते टेबल आठवलं. अजून तेच आहे. अठरा वर्षांपूर्वी तुम्ही त्यावर मिठाच्या बरणीशेजारी दोन काडतुसं उभी केली होतीत. पोरीने तेव्हाच त्यांना आई आणि बाबा अशी नावं दिली होती. जाडं ते बाबा.

"हा पहिलवान," तुम्ही तीनशे आठवर बोट ठेवून म्हणालात. "पण हजार मीटर जाईतो त्याला धाप लागते. शेवटच्या टप्प्यात लडखडतो."

"आणि हा काडीपहिलवान?" तिने विचारलं.

"हा वाऱ्यातून अंग चोरून जातो. ज्या झुळुकीत जाडा पुरुषभर सरकतो, त्यात हा कमरेइतका. आणि खांद्याला लाथ कमी. दिवसाला साठ मारल्यास तरी हात वर होईल तुझा."

"पण नळी दोन-तीन वर्षांत खलास. तुझं काय जातंय? जळणार माझी."

"नळ्या पुन्हा मिळतात गं. खांदे जन्माला एकच जोडी."

मग तुम्ही दोघांनी माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, मी तोलणारा माणूस, जे ठरवाल ते तोलून भरून देईन. ती हसली. "आमचे काटेकोर! भाजीत मीठसुद्धा तराजूने घालतील."

ते मला आवडायचं. काडतुसाची दारू ग्रेनमध्ये मोजतात आणि आमच्या जुन्या औषधशास्त्रातही ग्रेनच. दुकानातला तराजू मी रविवारी घरी आणायचो. पुंगळीच्या बुडात टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. पन्नास काडतुसं डब्यात एका रेषेत मांडली की वाटायचं, तुमच्या दोघांच्या त्या वाऱ्याच्या गप्पांत माझंही काही आहे. भाऊ-बहीण बोलायला लागलात की मला निम्मं कळायचं नाही. पण राग नव्हता कधी.

तुमच्या व्हॅनचं दार फक्त बाहेरून उघडायचं. रेंजवर पोहोचलो की कुणीतरी येऊन सोडवेपर्यंत आपण तिघं आत बसून राहायचो. एकदा अर्धा तास कुणी आलंच नाही. तेवढ्यात तिने पाकिटाच्या पाठीवर रेंजचा नकाशा काढला. नकाशा कार्यालयातली नोकरी, हात सरळ. झाडांच्या कुठल्या फटीतून कुठल्या वेळी वारा येतो, ते तुम्ही सांगत होता आणि ती बाण काढत होती. तो तिने नंतर मोठ्या कागदावर उतरवला. पोरीने तो परवा भिंतीवर लावला आहे.

लांबलं. तुमचं मत कळवा. मला अजूनही तीनशे आठच बरं वाटतं.

भाऊजी


२१ फेब्रुवारी

दादा,

तुमचं कार्ड काल आलं. "माझ्या सल्ल्याने एकदा तुमच्या घरातल्या माणसाचं नुकसान झालं असं तुमच्याकडे समजतात. मला विचारू नका. तीनशे आठच घ्या."

दुकानाच्या काउंटरवर उभ्याने वाचलं. समोर एक बाई खोकल्याचं औषध मागत होत्या. मी त्यांना दोनदा विचारलं, लहानाला की मोठ्याला.

आता लिहितो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. क्रमाने लिहितो, म्हणजे काही गाळलं जाणार नाही.

सतरा वर्षांपूर्वीच्या त्या निवड स्पर्धेची साडेसहाची काडतुसं मी त्या जानेवारीत तयार केली. रेंजवर गवतावर दहिवर असायचं. किती दारूला गोळ्या एका जागी पडतात ते बघत बघत ती बसवली. फार चांगली बसली होती. तिने पाच गोळ्यांचा तो कागद नोकरीच्या ठिकाणी नेऊन दाखवला होता.

मार्चच्या शेवटी तुमचा फोन आला. मीच उचलला. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, ही दारू उन्हात चढते. ऊन तापलं की भर दुपारी वीस मारून बघा. बोल्ट जड वाटला, टोप्या चपट्या झाल्या, म्हणजे दाब जास्त, तर दारू कमी करा." मी हो म्हटलं.

एप्रिलमध्ये गावात तापाची साथ होती. दुकानात पाय ठेवायला जागा नसे. हे खरं आहे, पण कारण हे नव्हे. दोन रविवार मोकळे गेले. मी गेलो नाही, कारण मी तोललेल्यात चूक निघेल असं मला वाटलंच नाही. तिने एकदा विचारलं, "उन्हात तपासून झालं का हो?" मी म्हटलं, "झालं."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या जागेवरून. माझ्या जागेवरून असं.

तुम्ही तिच्या शेजारी दुर्बीण लावून आडवे होतात. मी चाळीस पावलं मागे कापडी छताखाली. ऊन असं होतं की रायफलीवर हात ठेववत नव्हता. पहिल्या चार गोळ्या बरोबर मध्यावर. पाचव्या वेळी काडतूस नळीत गेलं आणि तुम्ही म्हणालात, "थांब." झुळूक जाईपर्यंत ती थांबली. मिनिटभर तरी. मग मारली, ती वर गेली. तुम्ही नेम दोन क्लिक खाली घ्यायला लावलात. पुढची तिने लगेच मारली, ती खाली गेली. पुन्हा वर घेतलं. दहाव्याला पुन्हा थांब, पुन्हा वर. असं पाच वेळा. तीन गुण कमी पडून ती सहावी आली आणि निवडायच्या होत्या चौघी.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. तापलेल्या नळीत मिनिटभर पडून राहिलेल्या काडतुसात दारू आणखी तापते, गोळी जोरात निघते. दुकानातल्या कुठल्याही औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, उन्हात ठेवू नये. रोज लोकांना वाचून दाखवतो मी.

मग गाड्यांजवळ ते झालं.

"दादा, तू दर वेळी थांबवलंस आणि दर वेळी गेली. तू काही बोलला नाहीस त्या सगळ्या मध्यावर."

"वारा फिरत होता गं."

"वारा आडवा असतो! गोळ्या वर गेल्या माझ्या!"

तुम्ही विचार करत होता. मग माझ्याकडे वळलात. "भाऊजी, काडतुसं उन्हात तपासली होती ना?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. आणि ती तुमच्या-माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. "त्यांच्यावर ढकलू नकोस. त्यांचा तराजू कधी चुकत नाही. चूक तुझी आहे, तर तुझी म्हण." तुम्ही काहीतरी म्हणालात, तिने आणखी काहीतरी म्हटलं. तुम्ही व्हॅनमधून आमचं सामान काढून खाली ठेवलंत आणि निघून गेलात. आम्ही तिथून बसने आलो. रायफलीची पेटी तिने मला उचलू दिली नाही.

घरी आल्यावर तिने नेहमीसारखी रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी माझ्याकडे दिली. "बोल्ट जड जात होता," एवढं म्हणाली. मी खिडकीत उजेडाला धरून एकेक पाहिली. वीसच्या वीस टोप्या चपट्या. पाचांच्या बुडावर बोल्टचा चकचकीत ओरखडा. तुम्हाला हे बघायला मिळालं असतं तर पाच सेकंदांत निकाल लागला असता. मी त्या कागदात गुंडाळल्या आणि दुकानातल्या फुटक्या बाटल्यांच्या पिंपात टाकल्या. तिने नंतर विचारलं तेव्हा म्हटलं, तडे गेले होते, फेकल्या.

पहिल्या दिवशी सांगवलं नाही. मग वाटलं, तिचा राग शांत होऊ दे. मग वाटलं, तुम्हीच फोन कराल. एक वर्ष झाल्यावर सांगायचं तर "तेव्हा का नाही सांगितलं" याचंही उत्तर द्यावं लागेल असं झालं. तसं सतरा वर्षांत ते वाढतच गेलं.

गेल्या ऑगस्टमध्ये तिची खाट पुढच्या खोलीत आणली होती. खिडकीतून समोरच्या शाळेचा झेंडा दिसायचा. झोपल्या झोपल्या ती त्यावरून वारा सांगायची. मी बसलो होतो. मी म्हटलं, "त्या स्पर्धेचं एक सांगायचं राहिलंय." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "औषधाची वेळ झाली का हो?" वेळ झाली होती. मी औषध दिलं. तिला ऐकायचं नव्हतं की ऐकूच गेलं नाही, ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. तिला कळलं होतं असं म्हणून मला सुटता येणार नाही.

तीनशे आठ घ्या असं मी का म्हणत होतो, तेही लिहितो. नळी जास्त टिकते हे कारण नव्हतं. साडेसहा पुन्हा घरात आलं, पोरीच्या हातात उन्हात नीट चाललं, तर कुणीतरी विचारणारच, मग तेव्हा काय झालं होतं?

तुमचा सल्ला बरोबर होता. काडतूस बरोबर होतं. तुमचं "थांब" बरोबर होतं. चूक माझी.

माफी मागायला शब्द शोधले, जमले नाहीत. एवढंच.


२९ मार्च

दादा,

पाच आठवड्यांनी कार्ड आलं. "पोरीला सांगितलंत का? नसेल तर पुन्हा लिहू नका."

सांगितलेलं नाही. तरी लिहितो आहे.

मिस्त्रीने पंधरा दिवसांची सवड दिली. म्हणाला, "एवढा विचार लोक जावई निवडतानाही करत नाहीत." पोरगी रोज संध्याकाळी आईच्या नकाशासमोर उभी राहते आणि बाण पाठ करते. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, आई एवढं चांगलं मारायची, मग मोठ्या स्पर्धा का सोडल्या?" मी म्हटलं, "तुला आठवतं ना, तेव्हा नोकरीत काम फार असायचं." आठवत नाही तिला. सात वर्षांची होती.

तुम्हाला सांगणं सोपं गेलं. तुमच्याकडे गमवायला माझं काही उरलं नव्हतं. तिच्याकडे आहे. घरात आम्ही दोघंच. सकाळी ती चहा ठेवते आणि मी कप धुतो. एवढंच आहे, पण रोज आहे.

येत्या रविवारी सांगतो.


१२ मे

दादा,

सांगितलं. पहिल्या नाही, दुसऱ्या रविवारी.

ती मिस्त्रीकडून आणलेला नळ्यांच्या मापांचा तक्ता टेबलावर ठेवून बसली होती. मी समोर बसलो आणि तुम्हाला लिहिलं होतं त्याच क्रमाने सगळं सांगितलं. मध्ये ती एकदाच बोलली. "पुंगळ्या फेकल्यात?" मी म्हटलं, हो. "सगळ्या? एक पण नाही ठेवलीत?" मी म्हटलं, नाही. तिने मान हलवली, जसं मिस्त्री खराब नळी बघून हलवतो.

सगळं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे आई मामाशी भांडली ती तुमची बाजू घेऊन."

"हो."

"आणि तुम्ही तिथे उभे होतात."

"हो."

ती उठून तिच्या खोलीत गेली. आठ दिवस बोलली नाही. चहा ठेवायची, पण एकच कप. दुधाचं, विजेच्या माणसाचं, असलं कागदावर लिहून फ्रिजला लावायची. अक्षर आईसारखं आहे, ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मी त्याच कागदाखाली उत्तर लिहायचो. एका पत्त्यावर राहणाऱ्या दोन माणसांचा पत्रव्यवहार.

नवव्या दिवशी मी दुकानातून आलो तर तराजू टेबलावर नव्हता. तिच्या खोलीत होता, तिच्या मेजावर. दारात उभी राहून म्हणाली, "काडतुसं मी भरणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं. कुठली?"

"साडेसहा. मिस्त्रीकाकांना सांगून आले."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. तीच म्हणाली, "तीनशे आठ घेतलं तर मामा चुकला असं कायमचं होईल. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

मी म्हटलं, तेच हवं होतं.

"मग झालं तर." वळता वळता म्हणाली, "आणि ही दारू वेगळी आहे. उन्हात फार चढत नाही. तरी भर दुपारी पन्नास मारून बघणार आहे. तुम्ही यायचं असेल तर या. मागे बसा. बोलू नका."

तीन रविवार गेलो. मागे बसलो. बोललो नाही.

तिने तुम्हाला फोन केल्याचं मला तिच्याकडून कळलं नाही, मिस्त्रीकडून कळलं. त्याला ऐकू येत नाही, पण समजतं सगळं. तुम्ही काय उत्तर दिलंत ते त्यालाही माहीत नाही. मी तिला विचारणार नाही.

नळी बसली. पत्र लिहिण्याचं कारण संपलं, पण तुम्ही जे विचारलं होतंत त्याचं उत्तर द्यायला हवं होतं.


२० मे

दादा,

तुम्ही आलात.

मला तुम्ही दिसला नाहीत. तुम्ही तिच्या मागे बसणार, एवढं पोरीने आदल्या रात्री सांगितलं होतं. मी सकाळी सातलाच खंदकात उतरलो होतो. आपल्या क्लबात माणसं कमी, म्हणून ज्याचा नेमबाज त्याने खंदकात एक माणूस द्यायचा, हा नियम अजून आहे. मातीच्या बांधामागे, लक्ष्यांच्या पायाशी आम्ही सहा जण. वर काही दिसत नाही, फक्त आभाळ. एकेकाकडे एक चौकट, माझ्याकडे पोरीची, चार नंबर. गोळी लागली की चौकट दोरीने खाली ओढायची, मागच्या भोकावर कागद चिकटवायचा, नव्या भोकात रंगीत चकती अडकवायची, पुन्हा वर सरकवायची. हजार मीटरवरून तुम्हाला ती चकती दिसते. आम्हाला तुमच्यातलं कुणी दिसत नाही.

तिकडून काय झालं ते तुम्ही पाहिलंत. ती तिसरी आली, हेही तुम्हाला माहीत आहे. पण आमच्या बाजूने काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

शेजारच्याचा नेमबाज तीनशे आठ मारत होता. ती गोळी तिथवर येईतो थकलेली असते. डब्यावर खडा पडावा तसा आवाज येतो. पोरीची यायची ती डोक्यावर टाळी वाजल्यासारखी. पहिली आली तेव्हा मी दचकून खाली बसलो आणि शेजारी हसला. "काका, पहिल्यांदाच का?" मी म्हटलं, या बाजूला पहिल्यांदाच.

दुपारी बारापर्यंत दोरी हाताला पोळायला लागली. मी प्रत्येक भोकाची उंची पट्टीने मोजत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. टाळ्यांमधलं अंतरही घड्याळावर बघत होतो. सातव्या आणि आठव्यात सत्तर सेकंद गेले. म्हणजे तुम्ही तिला थांबवलं असणार. मी चौकट खाली घेतली. आठवी सातव्यापेक्षा बोटभर उजवीकडे होती. उंची तीच. मी पट्टी दोनदा लावली. अकरावीला ऐंशी सेकंद. उंची तीच. तिने नीट भरली होती काडतुसं. माझ्यापेक्षा नीट.

पंधरावीनंतर खंदकातला फोन वाजला आणि तुमचा आवाज आला. "चार नंबर, चकती तिरकी बसतीये, चमकत नाही. सरळ लावा." सतरा वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललात ते हे. खंदकात कोण आहे हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, ते मी धरून चालत नाही. मी "हो" म्हटलं आणि चकती सरळ लावली.

विसावी मध्याच्या वर्तुळाच्या अगदी कडेला होती. रेषेला शिवली तर दहा, नाही तर नऊ. दहा झाले असते तर ती दुसरी आली असती. भोकाच्या कडेला कागदाची एक चिंधी रेषेकडे वळलेली होती. ती बोटाने जरा दाबली असती तर भोक रेषेपर्यंत गेलं असतं. शेजारी स्वतःच्या दोरीत गुंतला होता. मी भिंग काढलं. पोरीच्याच कारखान्यातलं, तिने मला औषधांच्या बारीक अक्षरांसाठी दिलेलं. नीट पाहिलं आणि नऊची खूण लावून चौकट वर सरकवली.

लगेच फोन वाजला. तुम्ही म्हणालात, "चार नंबर, विसावी आम्हाला इथून रेषेला लागलेली दिसतीये."

मी म्हटलं, "नाही दादा. बाहेर आहे. केसभर."

तुमच्या मागून पोरीचा आवाज आला, "काय म्हणतायत?"

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि फोन ठेवलात.

खंदकातून वर येऊन तिथवर चालत यायला मला वीस मिनिटं लागली. तोपर्यंत तुम्ही गेला होतात. पोरीने सांगितलं, शेवटची बस होती. असेल.

तक्रार म्हणून लिहीत नाही. नियमाप्रमाणे तुम्हाला हरकत घेता येत होती. सेक्रेटरीला खाली पाठवून भोक पुन्हा बघायला लावता आलं असतं, तिच्या एका गुणाचा प्रश्न होता. तुम्ही पाठवलं नाहीत. मी बाहेर म्हटलं आणि तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत.